कर्नलबाहेर पडलेला बाइट

(रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, विषय ठरलाय तो ‘कर्नलमधून प्रोग्रॅमकडे डेटा नेण्याच्या वाटा’. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, इथं लिनक्सचा. वाटांकडे येतोच. पण आधी एक प्रकरण सांगतो, ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

इथल्याच किनाऱ्यावर एका जेटीला भरती-ओहोटी मोजायचं यंत्र आहे. पाण्याचा दाब मोजायचा, त्यावरून पातळी काढायची. त्याला नवा ६४-बिट संगणक जोडला, प्रोग्रॅम मात्र जुना ३२-बिटच राहिला. ऐन पुनवेचं उधाण, वरच्या पायरीला पाणी लागलेलं, आणि पडद्यावर पातळी शून्य! सेन्सर बदलला, केबल बदलली, तरी शून्यच. एक तांडेल म्हणाले, “सर, तुमच्या यंत्राला कायमची सुकती लागलीय.”

दोष ड्रायव्हरच्या, म्हणजे कर्नलमधून यंत्र हाताळणाऱ्या कोडच्या, एका स्ट्रक्चरमध्ये होता. स्ट्रक्चर म्हणजे मेमरीत एकापाठोपाठ मांडलेले आकडे. आधी ४ बाइटचा चॅनेल, मग ८ बाइटची वेळ, सेकंदांत, मग ४ बाइटची पातळी. ३२-बिट इंटेलवर हे १६ बाइट होतात. ६४-बिटवर ८ बाइटचा आकडा आठाच्या पटीतल्या जागीच बसतो, म्हणून चॅनेलनंतर ४ बाइट रिकामे, शेवटी आणखी ४, एकूण २४. प्रोग्रॅम पातळी वाचायचा पहिले १२ बाइट सोडून. तिथं आता वेळेचा वरचा अर्धा भाग आला होता, आणि तो २१०६ सालापर्यंत शून्यच राहणार आहे. खरी पातळी प्रोग्रॅमनं राखून ठेवलेल्या १६ बाइटच्या जागेबाहेर, म्हणजे बफरबाहेर, शेजारच्या व्हेरिएबलवर जाऊन बसत होती. कर्नलमधून प्रोग्रॅमच्या मेमरीत डेटा उतरवणारं कॉपी-टू-यूजर हे फंक्शन पत्ता प्रोग्रॅमच्या हद्दीतला आहे का, एवढंच बघतं. बफर केवढा, हे त्याला कळायला मार्ग नाही.

याहून गंभीर गोष्ट त्या रिकाम्या ८ बाइटांची. स्ट्रक्चर कर्नलच्या स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, आधी शून्य न करता भरलेलं. म्हणजे तिथं आधी जे काही पडून होतं, ते प्रत्येक वाचनाबरोबर बाहेर जात होतं. कर्नलमधले मेमरीचे पत्ते असे फुटले, की हल्लेखोराचं निम्मं काम होतं.

पुरवठादाराला सगळं कळवलं. उत्तर आलं, “तुमचा प्रोग्रॅम जुना आहे.” मला याचा आजही राग येतो. चालू असलेला प्रोग्रॅम कर्नलमधल्या बदलानं मोडता कामा नये, हा लिनक्सचा सर्वांत कडक नियम आहे. एकदा बाहेर दिलेला बाइट परत घेता येत नाही. त्याची जागा, लांबी, अर्थ, सगळं वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. उपाय तरी केवढा? वेळ आधी, मग पातळी, मग चॅनेल. दोन्हीकडे १६ बाइट, पोकळी नाही.

पाचच मिनिटं उरलीत म्हणताहेत, तेव्हा वाटा भराभर सांगतो.

एखादी सेटिंग किंवा एखादं माप द्यायचं असेल तर सिसएफएस, म्हणजे कर्नलनं फाइलींच्या रूपात मांडलेली माहिती. एका फाइलला एकच मूल्य, साध्या मजकुरात. कॅट ही कमांड मारून कुणालाही वाचता येतं. लांब यादी असेल तर सीक्-फाइल, ती तुकड्यातुकड्यानं वाचायला देणारी सोय. काही घडलं की कळवायचं असेल तर नेटलिंक, कर्नल आणि प्रोग्रॅममधलं संदेशांचं सॉकेट. डेटाचा लोंढा असेल तर एमॅप केलेला, म्हणजे दोघांत सामायिक असलेला, रिंग बफर, गोल फिरून पुन्हा भरला जाणारा: कर्नल लिहितो, प्रोग्रॅम त्याच पानांतून वाचतो, कॉपी करायची गरज उरत नाही. पर्फ हे कामगिरी मोजायचं साधन असंच चालतं, कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवणाऱ्या बीपीएफचा रिंग बफर २०२० मध्ये ५.८ कर्नलबरोबर आला. नुसती वेळ हवी असेल, तर व्हीडीएसओमुळं, म्हणजे कर्नलनं प्रोग्रॅमच्या मेमरीत ठेवलेल्या छोट्या लायब्ररीमुळं, बहुधा सिस्टिम कॉलसुद्धा, म्हणजे कर्नलला हाक मारणंसुद्धा, लागत नाही.

कॉपी-टू-यूजरबद्दल दोनच गोष्टी लिहून घ्या. ते किती बाइट कॉपी झाले नाहीत तो आकडा परत देतं, एरर कोड नव्हे. एरर आपण द्यायची. आणि कॉपी करताना पेज फॉल्ट येऊन, म्हणजे हवं ते पान मेमरीत नसल्यानं, झोपावं लागू शकतं, म्हणून स्पिनलॉक, म्हणजे इतरांना जागेवर फिरत थांबवणारं कुलूप, धरून ते कधीही बोलवू नका.

जेटीवरच्या यंत्रासारख्या कामाला यातलं फारसं काही लागतही नाही. दाबाच्या सेन्सरसाठी कर्नलमध्ये आयआयओ ही व्यवस्था तयार आहे, आकडा सिसएफएसच्या फाइलीत मिळतो. स्वतःचं स्ट्रक्चर लिहायला बसण्याआधी ती उघडून बघा. आता प्रश्न घेऊ.