लाकूड उगाळणारा माणूस: फ्रीडरिश गॉटलोब केलर

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी,

जर्मनीत आलेल्या आपल्या माणसाला सीमेन्स, बेंझ, बॉश ही नावं पहिल्या महिन्यातच पाठ होतात. लाकडापासून कागदाचा लगदा काढण्याची रीत शोधणाऱ्या केलरचं नाव मात्र मी आपल्यातल्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझी सगळी नोकरी कागदाच्या धंद्यात गेली. त्या धंद्यात हे नाव आदरानं घेतलं जातं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यापाठोपाठ 'बिचारा' हा शब्द येतो. तो 'बिचारा' मला खटकतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी त्या काळातला कागद कसा होता ते सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला कागद चिंध्यांचा होता. जुने सुती आणि लिननचे कपडे कुजवायचे, कुटायचे, त्यांचा लगदा जाळीवर धरायचा. आपल्याकडेही जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताचा कागद होत असे. पुण्याच्या कसब्यातल्या कागदीपुऱ्याचं नावही त्याच धंद्यावरून पडलं. मोडी दस्तऐवज ज्यांनी हाताळले असतील त्यांना त्या जुन्या कागदाचा दम ठाऊक आहे.

पण चिंध्या माणसं कपडे फाडतील तेवढ्याच मिळणार. 1799 मध्ये फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेर यानं कागदाचं यंत्र काढलं. पुढे इंग्लंडमध्ये ते सुधारलं गेलं आणि यंत्राची भूक दिवसेंदिवस वाढत गेली. शाळा वाढल्या, वर्तमानपत्रं वाढली. अनेक जर्मन राज्यांनी चिंध्या हद्दीबाहेर नेण्यावर बंदी घातली किंवा जबर जकात लावली. पर्याय शोधणारे पुष्कळ होते. 1719 मध्ये रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं गांधीलमाशीकडे बोट दाखवलं: ही माशी लाकूड कुरतडून घरट्यासाठी कागद बनवते, मग माणसाला का जमू नये? रेगेन्सबुर्गच्या याकोब क्रिस्टियान शेफर या धर्मोपदेशकानं 1765 पासून काही वर्षं शेवाळ, गवत, बटाटे, गांधीलमाशीची घरटी, लाकूड अशा कशाकशाचे कागद करून त्यांचे नमुने पुस्तकांत चिकटवले. लंडनमध्ये मथियास कूप्सनं 1800 च्या सुमारास गवताच्या काडापासून कागद काढला आणि त्यात तो बुडाला. म्हणजे कल्पना हवेत शंभर वर्षं होती. नव्हती ती रीत.

ती रीत सापडली पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यातल्या हाइनिशेन या गावात, एका विणकराला. फ्रीडरिश गॉटलोब केलर याचा जन्म 27 जून 1816 चा. वडील विणकर, शिवाय मागाच्या फण्या बांधणारे. मुलगाही तेच शिकला. आपल्यात सोलापूर-इचलकरंजीची मंडळी आहेत. फणी बांधायला किती बारीक नजर आणि किती शांत हात लागतो ते त्यांना सांगायला नको. केलरनं विद्यापीठ पाहिलं नाही. पण तो वाचत असे, यंत्रांची चित्रं काढत असे आणि सुचलेल्या गोष्टींची वही ठेवत असे. घर्षणानं लाकडाचे तंतू सोडवून त्यांचा कागद करायचा, हा विचार 1840 नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत त्या वहीत आला.

घर्षण का सुचलं? लहानपणी तिथली मुलं चेरीच्या बिया फळीच्या खाचेत बसवून फिरत्या ओल्या सहाणेवर घासत, भोकं पाडत आणि त्यांच्या माळा करत. घासताना फळीही थोडी झिजायची आणि पाण्यात तिचा पांढुरका गाळ उतरायचा. केलरला ते आठवलं, असं सांगतात. आपण देवघरात चंदन उगाळतो तेव्हा हेच होतं, फक्त एक फरक आहे. खोडाचा कापलेला तोंडाकडचा भाग सहाणेवर फिरवला की गंध मिळतं, म्हणजे बारीक पूड. कागदाला पूड चालत नाही, लांब तंतू लागतात. त्यासाठी लाकूड आडवं धरून कुशीनं दगडावर दाबावं लागतं आणि वरून पाणी सोडावं लागतं. दगड तापतो. त्या उष्णतेनं आणि पाण्यानं तंतूंना जोडणारा नैसर्गिक डिंक, म्हणजे लिग्निन, मऊ पडतो आणि तंतू सुटून येतात. रसायन नाही, भट्टी नाही. 1843 च्या अखेरीला केलरनं अशा लगद्याचा कागद करून पाहिला.

तिकडे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात चार्ल्स फेनर्टी हा तरुण स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचला होता. ऑक्टोबर 1844 मध्ये त्यानं हॅलिफॅक्सच्या वर्तमानपत्राला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या कागदाचा नमुना पाठवला. पुढे त्यानं पेटंट घेतलं नाही आणि ते काम तिथेच राहिलं. दोघांत पहिला कोण, यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या वादात रस नाही. केलरनं नमुन्यावर थांबायचं नाकारलं, ही गोष्ट मला मोठी वाटते.

नुसत्या लाकडाचा कागद फाटतो, म्हणून चिंध्यांचा लगदा मिसळावा लागे. असा कागद पुरेसा झाल्यावर 11 ऑक्टोबर 1845 रोजी शेजारच्या फ्रांकेनबेर्गच्या साप्ताहिकाचा अंक त्यावर छापला गेला. लाकडाच्या लगद्यावर छापलेलं हे अगदी सुरुवातीचं वर्तमानपत्र. त्याच वर्षी सॅक्सनीत पेटंट मिळालं.

आणि याच सुमारास हा विणकर गिरणी-मालक झाला. एर्झगेबिर्गेच्या डोंगरात क्यूनहाइडे इथली जुनी कागद-गिरणी त्यानं घेतली. आपली रीत कागदवाल्यांच्या दारोदार घेऊन फिरण्यापेक्षा स्वतःच्या पाण्यावर, स्वतःच्या दगडावर सिद्ध करावी, असा हिशोब त्यात मला दिसतो. गिरणी चालवणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. ओढ्याचं पाणी कमी झालं की चाक थांबतं. दगड गुळगुळीत झाला की तंतू येत नाहीत, पुन्हा टाके घालावे लागतात. मोठी कुसळं लगद्यात राहिली की कागदावर काटे उठतात आणि छापखानेवाला माल परत पाठवतो. शोधाला जेवढं भांडवल लागतं त्याच्या कितीतरी पट या बारीकसारीक दुरुस्त्यांना लागतं. केलरकडे ते नव्हतं.

1846 मध्ये शोध वापरण्याचा हक्क त्यानं हाइनरिश फ्योल्टरला दिला. किंमत 700 थालर, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी. फ्योल्टर तेव्हा बाउत्सेनच्या कागद-गिरणीचा व्यवस्थापक होता. 1852 मध्ये पेटंटची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा केलरकडे शुल्काचे पैसे नव्हते. हक्क एकट्या फ्योल्टरचा झाला. क्यूनहाइडेची गिरणीही हातची गेली.

इथे लोक हळहळतात आणि फ्योल्टरला खलनायक करतात. मी तसं करणार नाही. केलरवर अन्याय झाला, हे खरं. एखाद्या माणसाचं नाव शुल्काच्या रकमेपायी त्याच्याच शोधावरून पुसलं जावं, ही व्यवस्था वाईटच. पण फ्योल्टरनं ती रीत पेटीत ठेवली नाही. त्यानं हायडेनहाइमच्या योहान माथेउस फॉइट या कुलूप-कारागिराला हाताशी धरलं आणि वर्षानुवर्षं दगड, दाब, पाणी यांच्याशी झुंज घेतली. 1859 मध्ये फॉइटनं कुसळं पुन्हा दळून बारीक करणारं यंत्र काढलं, तेव्हा कुठे लाकडाचा लगदा कागदवाल्यांच्या खऱ्या कामाचा झाला. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात फ्योल्टरची यंत्रं जगानं पाहिली. त्याच वर्षी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावी पागेनश्टेखर या जर्मन कुटुंबानं ती यंत्रं नेऊन लगदा काढायला सुरुवात केली. शोध केलरचा, धंदा फ्योल्टरचा, लोखंड फॉइटचं. यातला एकही नसता तर बाकीचे दोघे अडले असते. केलरला नुसता बिचारा म्हटलं की हे सगळं नाहीसं होतं, आणि गिरणी घेण्याचं त्याचं धाडसही.

1853 मध्ये केलर एल्ब नदीच्या काठी क्रिपेन या गावी आला, बाड शान्डाउ गावाच्या समोर, आणि तिथे एका छोट्या कार्यशाळेत यंत्रकाम करत राहिला. पैसा त्याला फारसा कधी मिळाला नाही. म्हातारपणी मात्र कागदवाल्यांना त्याची आठवण झाली. वर्गणी जमा झाली, सॅक्सनीच्या राजाकडून मानचिन्हही आलं. 8 सप्टेंबर 1895 ला तो क्रिपेनलाच वारला. त्याचं घर आता संग्रहालय आहे. ड्रेस्डेनहून लोकल थेट क्रिपेन स्टेशनवर जाते. मुलांना एल्बचे डोंगर दाखवायला नेता ना, तेव्हा तासभर तिथे काढा.

आता आपल्या कामाची गोष्ट. ओल्या दगडावर उगाळलेल्या लाकडातलं जवळजवळ सगळंच लगद्यात उतरतं, म्हणून हा कागद स्वस्त. पण त्याच कारणानं लिग्निनही आत राहतं, आणि उजेड-हवा लागली की ते पिवळं पडतं. भरीला त्या काळची खळ, म्हणजे शाई पसरू नये म्हणून कागदाला देतात ती, राळ आणि तुरटीची. ओडेनवाल्डच्या इलिग नावाच्या कागदवाल्यानं 1807 मध्ये ती रीत प्रसिद्ध केली होती. तुरटीमुळे कागद आम्लधर्मी होतो आणि वर्षांनुवर्षं आतून कुजत राहतो. 1870 च्या दशकात मिट्शरलिखसारख्या रसायनतज्ज्ञांनी लिग्निन काढून टाकण्याची रीत धंद्यात आणली, पण तो लगदा महाग आणि लाकडातलं निम्मंच हाती लागतं. त्यामुळे वर्तमानपत्रं, स्वस्त आवृत्त्या आणि मासिकं पुढेही बराच काळ दगडावरच्या लगद्याची राहिली.

मंडळाच्या कपाटात जुने दिवाळी अंक आहेत. त्यांतले कित्येक याच जातीच्या कागदाचे आहेत. पानं तपकिरी झाली आहेत आणि कोपऱ्यांचे तुकडे पडतात. ते खिडकीसमोरच्या फळीवर ठेवू नका. तळघरातही नको, दमटपणा त्यांचा आणखी घात करतो. चिकटपट्टी अजिबात लावू नका. प्रत्येक अंक आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या पाकिटात, आडवा, अंधाऱ्या आणि कोरड्या कपाटात ठेवायचा. आणि पानं उलटता येताहेत तोवर स्कॅन करायचे. सगळ्यात आधी साठ-सत्तरच्या दशकातले, कारण त्यांच्या मागे राहिलेल्या प्रती थोड्या आहेत. समितीशी माझं बोलणं झालं आहे. ज्यांच्या घरी असे अंक आहेत आणि ज्यांच्याकडे स्कॅनर आहे, अशा दोघांनीही जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.