सकाळची पहिली

(रामबाग, इंदूर. पहाटेचे सव्वापाच. गच्चीवर पाठमोरा माणूस.)

पोह्यांच्या गाड्या अजून लागायच्यात, कचरागाडीचं गाणं अजून ऐकू यायचंय. काकांची सकाळची पहिली सिगरेट मात्र पेटली. चेहरा दाखवू नका, नाव सांगू नका, एवढीच त्यांची अट. वय ५८. नैराश्याच्या गोळ्या सुरू आहेत.

काडी पेटवताना हात जरा थरथरतो. दोन झुरके, आणि ताठलेले खांदे खाली येतात. "बघा, बरं वाटलं. हिच्याशिवाय डोकंच चालत नाही माझं."

बरं वाटतं हे खोटं नाही. पण रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभरात ते पार उतरतं, आणि मेंदू मागणी करू लागतो. चिडचिड, बेचैनी, उदासी. काकांच्या मूळ दुखण्याची लक्षणंही हीच! मग सिगरेट औषधासारखी वाटणारच. खरं तर तिनेच लावलेली बेचैनी ती थोडा वेळ काढून घेते, पुन्हा लावते.

"आधी मन सावरू द्या, मग बघू." घरच्यांनी हेच सांगितलं, एका डॉक्टरांनीही. मायेपोटीच. पण या सल्ल्याने दुखावलेल्या मनाच्या माणसांची वर्षंच्या वर्षं धुरात जातात, आणि मला त्याचा राग येतो. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. सिगरेट सोडणाऱ्यांची चिंता आणि उदासी, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाली होती. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांचीही.

(स्वयंपाकघर. काकू चहा गाळताहेत.)

गेल्या खेपेला काकांनी एका झटक्यात सोडली होती. चहा मात्र तसाच, दिवसाला सहा कप. तिसऱ्या दिवशी झोप उडाली, हात थरथरायला लागले. आजार उलटला, असंच घरात सगळ्यांना वाटलं.

धुरातल्या द्रव्यांमुळे यकृत कॅफीनचा निचरा झपाट्याने करतं. धूर थांबला की तोच चहा अंगात कितीतरी जास्त वेळ राहतो. म्हणून या वेळी काकू अर्धाच कप भरतात. क्लोझापिन, ओलान्झापिन या मानसिक आजारांवरच्या औषधांचंही असंच होतं, त्यामुळे सिगरेट सोडायची तारीख मानसोपचार डॉक्टरांना आधी सांगायची. मात्रा कमी करावी लागू शकते. आपल्या मनाने गोळी मात्र बंद करायची नाही.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. मन आधीच थकलेलं असेल तर या दिवसांत आधार जास्त लागतो. दंडावर निकोटिनची पट्टी, तलफेला च्युइंगम. ते सारखं चघळायचं नसतं. जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायचं. तंबाखू सोडण्यासाठी मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. मन फारच खचलं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

आणि काकू आहेत. तलफ काही मिनिटांची असते हे त्यांना आता पाठ झालंय. "अहो, चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

(गच्ची. पहाट.)

आज चौथा दिवस. खालून कचरागाडीचं गाणं येतंय. काका खिशातून काडेपेटी काढतात, क्षणभर हातात धरतात, आणि देवघरात निरांजनापाशी ठेवून देतात.

"राहू दे इथे. तुला दिव्याला लागेल."