शिकारी पक्षी वसंतात का मोजायचे?

जाहीर झालेला विषय असा, की शरद ऋतूत शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर एवढं दांडगं असताना वसंतात पुन्हा दुर्बिणी घेऊन बसायचं कशाला. याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी एक जुनी तक्रार मांडतो. इथल्या निम्म्या मंडळींनी ती ऐकलेली आहे. उरलेल्यांनी त्यांच्याकडे जरा सहानुभूतीनं बघावं.

मोजणीच्या टेकडीवरून खाली उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो, ‘किती दिसले?’ किती वेळ बसला होतात, हे कुणी विचारत नाही. वारा कुठला होता, किती जण बघत होते, हे तर नाहीच. अहो, दोन तासांत दोनशे आणि आठ तासांत दोनशे हे एकच झालं का? धावा सांगायच्या आणि षटकं गाळायची, असला हा प्रकार. एकदा एका गटाची वही चाळायला मिळाली. पानोपानी बहार! एकही दिवस कोरडा नाही. मी विचारलं, ‘वाईट दिवस कुठायत?’ तर म्हणाले, ‘त्या दिवशी काही आलंच नाही, मग लिहायचं काय?’ शून्य लिहायचं! सकाळी नऊ ते दहा, आकाश निरभ्र, वारा समोरून, निरीक्षक दोन, पक्षी शून्य. ही ओळ लिहायला ज्याला कंटाळा येतो, त्याच्या भरगच्च दिवसावर माझा विश्वास बसत नाही. (हसू नका, त्या गटातले दोघे इथे आहेत.)

कंटाळा न करता लिहून ठेवलं की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनचं. तिथल्या कड्यावरून शरदात हजारो शिकारी पक्षी जातात, आणि एके काळी लोक हौसेनं बंदुका घेऊन त्यांना टिपायला जमत. राज्य सरकारही मागे नव्हतं. 1929 पासून गॉशॉक हा मोठा ससाण्यासारखा शिकारी पक्षी मारणाऱ्याला पाच डॉलर बक्षीस होतं. 1932 मध्ये रिचर्ड पाउ या पक्षीप्रेमीनं मेलेल्या पक्ष्यांच्या रांगांचे फोटो काढले. ते बघून न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाई उठल्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेली बाई. निवेदन देऊन गप्प बसणारी नव्हे. 1934 मध्ये त्यांनी पाचशे डॉलर उसने घेऊन तो सुमारे चौदाशे एकरांचा डोंगरच भाडेपट्ट्यानं घेतला आणि मॉरिस ब्राउन व त्यांची पत्नी अर्मा यांना राखणीला ठेवलं. बंदूकवाले आले, तणतणले आणि परत गेले. मग ब्राउन वर बसून मोजायला लागले.

कशासाठी मोजताय, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर डीडीटी या कीटकनाशकाचा परिणाम कळावा म्हणून, हे उत्तर नक्कीच आलं नसतं. शेतात डीडीटी फवारायचे दिवस यायला अजून दहा-बारा वर्षं होती. त्यांनी फक्त जाईल तो पक्षी लिहिला, आणि टकल्या गरुडाचं (बाल्ड ईगल) पिल्लू की प्रौढ, हेही लिहिलं. मध्ये महायुद्धात नौदलाची नोकरी आली तेवढा खंड सोडला, तर वह्या भरत गेल्या. पुढे रेचल कार्सन यांनी कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात, 1962 साली, हेच आकडे वापरले. 1935 ते 1939 या काळात दिसलेल्या टकल्या गरुडांत चाळीस टक्के पिल्लं होती. 1955 ते 1959 मध्ये वीस टक्के. 1957 मध्ये तर बत्तीस प्रौढांमागे एक पिल्लू. म्हणजे गरुड दिसत होते, पण घरट्यातून नवे बाहेर पडत नव्हते. नुसती बेरीज बघणाऱ्याला हे कळलंच नसतं. अमेरिकेनं 1972 मध्ये डीडीटीवर बंदी घातली.

इथे जरा आडवळण घेतो. मोजणीचा शत्रू कोण? पाऊस म्हणाल. पावसात पक्षी उडतच नाहीत, तेव्हा भांडण नाही. खरा शत्रू म्हणजे स्वच्छ निळं आकाश. ढगाच्या पांढऱ्यावर ठिपका दिसतो, निळ्यात तो विरघळतो. भर दुपारी थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे झोत, जोरात असले की पक्षी इतके वर जातात की दुर्बीण नेमकी कुठे रोखावी तेच कळत नाही. आणि थवा घिरट्या घालत असताना मोजायला जाऊ नका, डोकं फिरेल. वर पोचून ते एका ओळीत सरकायला लागले की क्लिकर (हातातलं मोजणीचं यंत्र) दाबा. ओळख पटली नाही तर ‘अनोळखी’च्या रकान्यात टाका. तो रकाना रिकामा असलेली वही बघितली की मला धडकीच भरते.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं म्हणतात. बरं, मूळ विषय.

वसंतात का मोजायचं? पहिलं कारण, शरदातल्या गर्दीत त्या वर्षीची पिल्लं मोठ्या प्रमाणात असतात आणि त्यातली बरीच हिवाळा काढत नाहीत. वसंतात येतात ते तगलेले, घरटी करायला निघालेले. शरदातला आकडा वीण कशी झाली ते सांगतो, वसंतातला आकडा पुढच्या विणीला कोण उरलंय ते सांगतो. दोन्ही हवेत.

दुसरं, परतीची वाट तीच नसते. स्टेप ईगल शरदात आफ्रिकेत शिरताना बरेचसे तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाच्या बाब-अल-मंदब सामुद्रधुनीवरून जातात आणि वसंतात त्याच समुद्राच्या उत्तर टोकाला वळसा घालून परततात. म्हणून इस्राएलमधलं एलात हे वसंतातलं ठिकाण. तिथे एका वसंतात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी मोजले गेले आहेत. आधी हे गरुड, मग स्टेप बझर्ड, मेच्या सुरुवातीला मधुबाज. शरदाच्या भरवशावर बसलात तर एलातचा हा सगळा प्रवाह हुकला.

तिसरं झटपट सांगतो. पाण्यावर थर्मल तयार होत नाहीत, म्हणून उत्तरेला निघालेले पक्षी मोठ्या सरोवरांच्या दक्षिण काठाशी अडतात आणि काठाकाठानं सरकतात. उत्तर अमेरिकेतल्या ओंटारिओ सरोवराच्या काठचं डर्बी हिल हे असं ठिकाण. दक्षिणेचा वारा सुटला की तिथे खुर्ची सोडू नये. मात्र सुपीरियर सरोवरात घुसलेल्या व्हाइटफिश पॉइंटसारख्या टोकावर पक्षी पाणी बघून मागे फिरतात आणि पुन्हा येतात, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जायचा धोका. त्यावर उपाय म्हणजे मनातल्या मनात एक रेघ ठरवायची, ती ओलांडेल तोच मोजायचा, आणि परत फिरलेल्यांचा रकाना वेगळा ठेवायचा. वजाबाकी कशी करायची त्याचा तक्ता माझ्याकडे आहे, पण अध्यक्ष उभे राहिलेत. ज्यांना हवा त्यांनी खाली उतरल्यावर मला गाठा.