साडेतीनशे सेकंदांसाठी

मंडळी, आकाशातून येणारे क्ष-किरण आपलं वातावरण वरच्या वर शोषून घेतं. म्हणून तर आपण सुखरूप आहोत. पण ज्याला ते किरण मोजायचेत, त्याला उपकरण घेऊन वातावरणाच्या वर जावं लागतं. रिकार्डो जियाकोनी, हर्बर्ट गर्स्की, फ्रँक पाओलिनी आणि ब्रूनो रॉसी या शास्त्रज्ञांनी त्यासाठी अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स गाठलं. पांढऱ्याशुभ्र जिप्समच्या वाळूचा तो मुलूख. रॉकेट परत कोसळलं तरी खाली वस्ती नको, म्हणून वाळवंट.

ऑक्टोबर १९६१मध्ये त्यांचं रॉकेट उडालं, पण उपकरणांपुढची झाकणं उघडलीच नाहीत. महिनोन्‌महिन्यांची मेहनत बंद दाराआड वर गेली आणि तशीच खाली आली! पुन्हा पहिल्यापासून तयारी.

ही तयारी जरा जवळून पाहू. उपकरण म्हणजे तीन गायगर गणक, आत शिरलेला प्रत्येक किरण मोजणारे. त्यांच्या खिडक्या अभ्रकाच्या, केसाहून पातळ. जाड ठेवल्या तर कमी ऊर्जेचे क्ष-किरण आत शिरायचेच नाहीत. त्या अभ्रकावर काजळीचा थर दिला होता. का? तर अतिनील प्रकाश आत येऊन खोटी नोंद होऊ नये. विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, नोंदी वगळायला गणकांभोवती आणखी एक संवेदक. मला या काजळीचं फार अप्रूप वाटतं. दिसेल ते खरंच असावं, याची काळजी त्या एका थरात आहे.

त्यात त्यांच्या एरोबी जातीच्या रॉकेटला वाटेत दिशा बदलता येत नसे. उड्डाणाआधी फुगे सोडून वारा मोजायचा आणि त्या हिशेबानं प्रक्षेपण मनोरा कलता करायचा.

१८ जून १९६२, रात्री ११ वाजून ५९ मिनिटं. रॉकेट २२५ किलोमीटरपर्यंत चढलं आणि ८० किलोमीटरच्या वर साडेतीनशे सेकंद राहिलं. या वेळी झाकणं उघडली. एक गणक बिघडला, दोन नीट चालले. ठरवलं होतं चंद्रावरून येणारे क्ष-किरण शोधायचं. रॉकेट स्वतःभोवती फिरताना मात्र नोंदी उसळत होत्या त्या दुसऱ्याच दिशेला.

चंद्र नाही, मग काय? इलेक्ट्रॉन असतील का? अतिनील प्रकाश? एकेक शंका तपासून काढायला त्यांना काही महिने लागले. काजळी नसती, भोवतालचा संवेदक नसता, तर या प्रश्नांना उत्तरच देता आलं नसतं. डिसेंबरमध्ये शोधनिबंध आला. सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत सापडला होता. पुढे त्याला नाव मिळालं स्कॉर्पियस एक्स-१, आपल्या वृश्चिक राशीतला.

तरी ते थांबले नाहीत. ऑक्टोबर १९६२मध्ये, तो भाग क्षितिजाखाली असताना, पुन्हा रॉकेट सोडलं. ती उसळी नव्हती. जून १९६३मध्ये, तो भाग क्षितिजावर असताना, परत सोडलं, आणि ती होती.