उपवासात वाचलेले पैसे कुणाचे?

[हातात पत्र्याचा जुना डबा]

नमस्कार मंडळी. हा डबा बघा. मुळात बिस्किटांचा. झाकणाला मधोमध ही चीर आहे ना, ती आजोबांनी छिन्नीने पाडलेली. वर्षातले साडेदहा महिने हा माळ्यावर असतो. राखेच्या बुधवारी खाली येतो आणि जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी बसतो. पुढचे चाळीस दिवस आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं याच्यावरून होतं.

मी वसईची. कॅथलिक. आणि या दिवसांत ऑफिसात मला ठरलेला प्रश्न येतो: "तुमचा उपवास चालू आहे ना? मग डब्यात मासे कसे?" आजचा व्हिडिओ त्या प्रश्नासाठी. उत्तर थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी हिशेब. या काळाला आम्ही उपवासकाळ म्हणतो, चर्चच्या पुस्तकी मराठीत प्रायश्चित्तकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलंत तर 46 दिवस भरतील. मधले सहा रविवार वजा करा, कारण रविवार हा येशू मरणातून उठला तो, पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपवास नाही. उरले चाळीस. येशू अरण्यात उपाशी राहिला तेवढे.

तारीख दरवर्षी का सरकते? कारण ईस्टर चंद्रावर चालतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्या नंतरचा रविवार. म्हणजे ती पौर्णिमा आपल्या पंचांगातली एकतर होळीची असते, नाहीतर हनुमान जयंतीची. 2024 मध्ये होळी झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, 31 मार्चला, ईस्टर. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला. माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुमचंही सगळं पंचांगावरच आहे की!" आहेच.

आता मासे.

नियम ऐकलेत तर हसाल, इतके सौम्य आहेत. सहावे पोप पॉल यांनी 1966 मध्ये ते सैल केले. सक्तीचा उपवास फक्त दोन दिवस: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही 18 ते 59 वयाच्या लोकांना. आणि उपवास म्हणजे काय, तर एक पूर्ण जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. त्याशिवाय उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-चिकन बंद, चौदा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना. मासे चालतात. अंडी चालतात.

आता तुम्हीच बघा. शुक्रवारी चिकन वर्ज्य, म्हणून कुणी बाजारात जाऊन चिकनच्या तिप्पट भावाची सुरमई आणली, तर नियम पाळला गेला. शंभर टक्के पाळला गेला. पण आपल्या मराठीत त्याला एक छान शब्द आहे: एकादशी, दुप्पट खाशी. आणि पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळ्याला सांगा, "शुक्रवारी मटण खाऊ नकोस, मासे खा." तो म्हणेल, "मग वेगळं काय केलं?" त्याच्यासाठी हा नियम जवळजवळ नाहीच.

म्हणून माझं म्हणणं असं की उपवासकाळाचा प्रश्न 'काय खाल्लं' हा नव्हेच. खाल्लं नाही त्याचे पैसे कुठे गेले, हा आहे.

हे माझं डोकं नाही बरं का. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मास नावाचा एक ख्रिस्ती लेखक होऊन गेला. 'हर्मासचा मेंढपाळ' या त्याच्या पुस्तकात उपवास कसा करावा ते सांगितलंय, आणि ती अक्षरशः वहीखात्याची रीत आहे. त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घे. एरवी जेवलास असतास त्या पदार्थांची किंमत काढ. आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला दे. किंमत काढ! अंदाजे नाही, आकडा. आजी आमच्याकडे तेच करायची. "आज कोंबडी आणली असती तर किती झाले असते?" असं विचारायची आणि तेवढे सुट्टे मोजून या चिरेतून आत सोडायला लावायची. तिने हर्मासचं नाव जन्मात ऐकलं नसेल.

[डबा बाजूला ठेवून]

चर्चमध्ये या दिवसांत आलात तर चुकल्यासारखं वाटेल. वेदीवर फुलं नाहीत. वसईतलं चर्च आणि फुलं नाहीत! ज्यांच्या वाड्यांतली फुलं पहाटेच्या गाडीने दादरला जातात, त्यांचं स्वतःचं चर्च चाळीस दिवस ओकंबोकं. फादरांचा पेहराव जांभळा. 'आलेलुया' हा स्तुतीचा शब्द मिस्सेतून, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेतून, गायब होतो, तो थेट ईस्टरच्या रात्री परत येतो. शेवटच्या दोन आठवड्यांत बऱ्याच ठिकाणी पुतळ्यांवरही जांभळी कापडं चढतात. या काळात लग्नंही शक्यतो करत नाहीत, त्यामुळे ईस्टर झाला रे झाला की आमच्याकडे मंडपवाल्यांना दम खायला फुरसत नसते.

सुरुवात राखेने होते. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघर क्रुसामागे खोचलेल्या असतात, वर्षभरात सुकून खडखडीत होतात. त्या गोळा करून जाळायच्या आणि तीच राख कपाळाला. फादर म्हणतात, "तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस." लहानपणी मला याची भीती वाटायची. आता त्या रांगेत एक वेगळीच मजा दिसते: पुढे गावातला बिल्डर, मागे त्याच्या साइटवरचा मुकादम, आणि दोघांच्या कपाळावर एकच राख.

दर शुक्रवारी क्रुसाची वाट. चौदा मुक्काम. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून कबरीत ठेवलं तिथपर्यंत. चर्चमध्ये करतात, मैदानात करतात, काही आळ्यांत घराघरांपुढे थांबत करतात. प्रत्येक मुक्कामाला गुडघे टेकायचे. म्हातारी माणसं चौदाही वेळा टेकतात, आम्ही तिशीतले नवव्यानंतर नुसतं वाकतो.

बरं, पण पैसे. प्रार्थना, उपवास, दानधर्म अशी तीन पायांची तिवई आहे ही, बायबलमधल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायात तिन्ही एका दमात येतात. आणि सगळ्यात अवघड पाय दानाचा आहे, असं मला वाटतं. पैसे सुटत नाहीत म्हणून नाही. कसं द्यायचं ते कळत नाही म्हणून.

एक किस्सा सांगते, फजिती आमचीच आहे. पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर येतात, पावसाच्या तोंडाशी परत जातात. मालकाकडून आधी उचल घेतलेली असते, ती हजार विटांच्या दराने फेडायची. नवराबायको दोघं राबतात, पोरांची शाळा बुडते. आणि त्यांचा भट्टीचा हंगाम आणि आमचा उपवासकाळ अगदी एकाच वेळी येतात. आम्ही तरुणांनी एका वर्षी ठरवलं, जवळच्या भट्टीवर जायचं. आळीभर फिरून कपडे गोळा केले. सहा पोती. मार्च महिना, ऊन मी म्हणतंय, आणि पोत्यांत निम्मे स्वेटर. एक बाई आली, एक स्वेटर उचलून बघितला, परत ठेवला आणि विचारलं, "ताडपत्री नाही का?"

नव्हती. झोपडीचं छप्पर उन्हानं पार विरलं होतं, तिला ताडपत्री हवी होती, आणि आम्ही आमची कपाटं रिकामी करून गेलो होतो. ते दान नव्हतं, साफसफाई होती. दुसऱ्या वर्षी आधी दोघीजणी नुसत्या जाऊन बसल्या, विचारून आल्या. यादी छोटी निघाली: ताडपत्री, पाण्याचे ड्रम, आणि पोरांना शिकवायला कुणी येईल का. तिसऱ्या गोष्टीला पैसे लागत नव्हते, वेळ लागत होता. साहजिकच तीच सगळ्यात कमी मिळाली.

या बाबतीत मला संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची पद्धत आवडते. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. आज ती जगभर पसरली आहे, आपल्याकडच्या अनेक चर्चमध्येही तिचे गट आहेत. मदत मागायला कुणी यायचं नाही, सदस्यांनी जोडीने त्या घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. आणि त्यांच्या बैठकीत एक गुप्त पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची. मुठीत पाचशेची नोट आहे, नाणं आहे की काहीच नाही, हे शेजारच्यालाही कळत नाही. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं येशूने सांगितलं, त्याची इतकी सरळ अंमलबजावणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि याच्या बरोबर उलट काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. तांदळाची एक पिशवी, ती धरलेले सहा हात, मधे अवघडून उभी असलेली एक म्हातारी, आणि समोर मोबाइल. हा रोग एका धर्माचा नाही. पण उपवासकाळात तरी, मंडळी, फोन खिशात राहू दे.

असे डबे जगात इतरत्रही आहेत, आणि त्यातून फार मोठी कामं उभी राहिली. जर्मनीतल्या बिशपांनी 1958 मध्ये 'मिझेरिऑर' नावाची संस्था काढली आणि 1959 च्या उपवासकाळात पहिली वर्गणी जमवली. महायुद्धात बेचिराख झालेला देश, युद्ध संपून चौदा वर्षं होतायत, आणि हे दुसऱ्या खंडांतल्या भुकेल्यांसाठी पैसे काढतायत. नावाचा अर्थ 'मला कळवळा येतो'. तीन दिवस उपाशी राहिलेली गर्दी बघून येशू म्हणाला ते वाक्य. इंग्लंडमध्ये 1960 साली कॅथलिक महिला मंडळांनी एक दिवस कुटुंबाने कमी जेवायचं ठरवलं आणि पैसे पाठवले डोमिनिका बेटावरच्या बाळंतिणी आणि बाळांच्या दवाखान्यासाठी. अमेरिकेत 1975 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला 'राइस बोल' सुरू झाला. पुठ्ठ्याची छोटी डबी, जेवणाच्या टेबलावर. आमच्या या डब्याची गोरी चुलत बहीणच म्हणा ना! तिथला नियम मला आवडला: जमलेल्यातला पाव हिस्सा आपल्याच भागातल्या गरिबांसाठी राहतो, बाकी तीन हिस्से दूर जातात.

आणि मिझोराममध्ये तर उपवासकाळाचीही वाट बघत नाहीत. तिथल्या प्रेस्बिटेरियन (हा एक प्रोटेस्टंट पंथ) घरांत रोज स्वयंपाकाला तांदूळ काढले की एक मूठ चर्चसाठी बाजूला. 'बुहफाई थाम' म्हणतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं अशाच मूठमूठ धान्यावर चालली होती. मुष्टिफंड हा शब्द आपलाच.

गुड फ्रायडेला आमच्याकडे मिस्सा नसते. जगात कुठेही नसते. दुपारी क्रुसाचं वंदन होतं, लांबलचक रांग लागते. घंटा गुरुवारी रात्रीपासून मुक्या, त्यांच्या जागी लाकडी खटखटा वाजतो. आणि त्या दिवशी चर्चमध्ये जी वर्गणी गोळा होते ती इथे राहत नाही. ती जेरुसलेमकडे जाते, पवित्र भूमीतल्या ख्रिस्ती लोकांसाठी, त्यांच्या शाळांसाठी, तिथली तीर्थस्थानं सांभाळणाऱ्या फ्रान्सिस्कन संन्याशांकडे. वसईच्या केळीवाल्याची वीस रुपयांची नोट जेरुसलेमला! पण ही रीत संत पौलाइतकी जुनी आहे. त्याने ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं होतं की जेरुसलेममधल्या भावंडांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या ऐपतीप्रमाणे घरीच थोडं बाजूला काढून ठेवा, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. घरीच. बाजूला. म्हणजे त्यांच्याकडेही काहीतरी चिरेचं असणारच.

जे मित्र विचारतात की आम्ही येऊ का, त्यांना: या. क्रुसाच्या वाटेत कुणीही चालू शकतं. मिस्सेत बसा, फक्त कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत उभे राहू नका, ते दीक्षा घेतलेल्यांसाठी असतं. आणि गुड फ्रायडेला 'हॅपी' असं काही पाठवू नका, ती शोकाची तिथी आहे. ईस्टरच्या रविवारी हवं तेवढं पाठवा.

[डबा पुन्हा हातात]

आमचा डबा ईस्टरच्या आदल्या शनिवारी उघडतो. रात्री जागरणाची मिस्सा असते, सगळे दिवे मालवून एका मेणबत्तीवरून दुसरी पेटवत जातात, घंटा परत वाजतात. त्याच्या आधी दुपारी आई हे टेबलावर ओतते आणि आम्ही मोजतो. यंदा किती जमलेत ते मात्र विचारू नका. एकतर अजून शुक्रवार बाकी आहेत. आणि दुसरं म्हणजे, त्या पिशवीचा नियम मी आत्ताच तुम्हाला सांगितला.

[डबा कानाशी नेऊन हलवते. नाणी खणखणतात.]

एवढंच सांगू शकते.