निरूपण बसवताना

सर्वांत आधी ऐकू येतो तो लाकडाचा आवाज. जमिनीवर मांडी घालून बसलेली विद्यार्थिनी लाकडी ठोकळ्यावर दांड्याने ठोका देत बोल म्हणते, आणि तिच्यासमोर सात जणी अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धवट खाली बसलेल्या स्थितीत, त्या बोलांवर तळपाय मारतात. घुंगरू कोणाच्याच पायांत नाहीत. भरतनाट्यमच्या रोजच्या तालमीत ते सहसा बांधत नाहीत, कारण घुंगरांच्या नादात पायाची चूक लपते. उघडा तळपाय जमिनीवर पडला की ठोका पूर्ण आहे की अर्धा, हे लगेच कळते.

हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे. १९८७ साली स्थापन झालेल्या या केंद्रात नृत्य, संगीत आणि नाट्य हे विषय गुरुकुल पद्धती आणि विद्यापीठीय अभ्यासक्रम यांचा मेळ घालून शिकवले जातात. समोरच्या सात विद्यार्थिनी भरतनाट्यमच्या आहेत, आणि त्या जे बसवत आहेत त्याचे शब्द मराठी आहेत. हे शब्द सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजवाड्यात लिहिले गेले.

‘बसवणे’ हा आपल्याकडे नृत्यासाठी रूढ असलेला शब्द फार नेमका आहे. हालचाल तालात बसवायची, ताल अर्थात बसवायचा, आणि हे सगळे मंचाच्या चौकटीत बसवायचे. गुरूने दिलेली रचना जशीच्या तशी अंगात उतरवणे ही एक विद्या आहे आणि तिला वर्षे लागतात. कोऱ्या जागेवर स्वतः रचना उभी करणे ही त्याच विद्येची पुढची पायरी आहे. स्नेहसंमेलनातला नाच आणि हा अभ्यास यांतला फरक आपल्या महाविद्यालयांत अजून पुरेसा ओळखला जात नाही, म्हणून या माहितीपटासाठी आम्ही कॅमेरा मंचावर लावण्याआधी तालमीच्या दालनात लावला.

या मुली ज्या शब्दांवर काम करत आहेत, ते कोठून आले हे सविस्तर सांगायला हवे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले, आणि त्या घराण्याचा वारसा १८५५ पर्यंत चालला. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तेलुगू आणि मराठी भाषांत नाटके रचली. पुढे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजी यांनी सरस्वती महाल ग्रंथालय ग्रंथांनी आणि हस्तलिखितांनी समृद्ध केले, आणि मराठीत देवेंद्र कुरवंजी हे जगाचा भूगोल सांगणारे नृत्यनाट्यही लिहिले. त्यांच्याच दरबारात चिन्नैया, पोन्नैया, शिवानंदम आणि वडिवेलु हे चौघे भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा रचनांचा जो क्रम, म्हणजे मार्गम्, भरतनाट्यमचे विद्यार्थी आज जगभर शिकतात, त्याला रूप देण्याचे श्रेय या चौघांना दिले जाते.

त्याच दरबारात सरफोजींच्या नावावर मराठी निरूपणे तयार झाली. ‘निरूपण’ हा शब्द महाराष्ट्राला कीर्तनातून ओळखीचा आहे. बुवा अभंग घेतात आणि त्याचा अर्थ उलगडत नेतात. तंजावरच्या निरूपणात ते उलगडणे नर्तकीच्या देहावर सोपवलेले आहे. प्रत्येक निरूपणाचे अठरा भाग असतात. जयजयपासून आरंभ होतो, पुढे शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद अशी एकामागून एक अंगे येतात आणि शेवटी मंगल होते. नेहमीच्या मार्गम्‌मध्ये दर रचनेला राग बदलतो, विषय बदलतो. निरूपणात मात्र एकच कथा, एकच राग आणि एकच ताल पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत टिकून राहतो. सरस्वती महालाने ही रचना ज्या नावाने छापली त्यात एक घरगुती शब्द आहे: ‘कोरवैयांचे साहित्याचे जिन्नस’. कोरवै म्हणजे गुंफण, आणि जिन्नस तर मराठी घरात फडताळात असतात. मुलींना हे नाव पहिल्यांदा वाचून दाखवले गेले तेव्हाचे त्यांचे चेहरे पडद्यावर आहेत.

आता मुख्य अडचण. कागदावर शब्द उरले, रागतालाची नावे उरली, पायांसाठीचे बोलही उरले; हात कोठे उचलला जात होता आणि नजर कोठे जात होती, हे मात्र कागदावर उतरलेले नाही. म्हणून जो कोणी निरूपण हाती घेतो, त्याला ते नव्याने बसवावेच लागते. विसाव्या शतकात मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी हे काम चिकाटीने केले. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या चार भावांच्याच घराण्यातील किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिक्षण घेतले आणि ही मराठी परंपरा पुण्यात रुजवली. हिंदुस्थानी रागसंगीतावर भरतनाट्यम उभे करण्याचा त्यांचा ‘नृत्यगंगा’ हा प्रयोगही त्याच ओढीतून आलेला आहे, असे आम्हाला वाटते.

तंजावर आणि विद्यापीठातले नृत्यशिक्षण यांना जोडणारा आणखी एक धागा बडोद्याचा आहे. १८८० साली सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला आणि त्यांच्यासोबत नर्तकी व वादकांचे पथक बडोद्यास आले. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने नृत्याला पदवीचा विषय केले, आणि देशात असे पाऊल सर्वांत आधी उचलणाऱ्यांत त्याची गणना होते. तंजावरहून आलेल्या त्या पथकातील कलावंतांचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर त्याच विद्यापीठात शिकवू लागले. लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर आलेले नृत्य वर्गाच्या वेळापत्रकात पोहोचले, ते असे.

फळ्यासमोर उभी असलेली मुलगी हिशेब मांडते आहे, आणि हे दृश्य आम्ही मुद्दाम कापलेले नाही. तिला आदितालाच्या एका आवर्तनात तीर्मानम्, म्हणजे समेवर, आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, येऊन संपणारी बोलांची सांगता, बसवायची आहे. आदितालाचे आठ ठोके, दर ठोक्याला चार मात्रा, म्हणून तिच्या हाती बत्तीस मात्रा आहेत. तिला ‘तकिट तकधिमि’ हा सात मात्रांचा बोल तीनदा हवा आहे. त्याच्या एकवीस मात्रा झाल्या आणि अकरा उरल्या. तीन तुकड्यांच्या मध्ये दोनच मोकळ्या जागा असतात आणि अकराचे दोन सारखे भाग होत नाहीत. ती पुसते, पुन्हा लिहिते, बोटांवर मोजते. मग सुरुवातीची एक मात्रा रिकामी सोडायची असे ती ठरवते: एक गेली, सात, मध्ये पाच, सात, पुन्हा पाच, सात. बत्तीस पूर्ण झाल्या. समेवरचा ठोका मोकळा ऐकू येतो, मात्राभर सगळे स्तब्ध राहते आणि मगच पाय सुटतो. गणिताने घातलेल्या अडचणीतून ही स्तब्धता आली, आणि त्यांच्या निरूपणाच्या कथेत पार्वती शंकराला पहिल्यांदा पाहते ती जागा हीच असावी असे तिने लगेच वहीत लिहून ठेवले.

दुसरा प्रश्न सात जणींचा आहे. भरतनाट्यमची परंपरा एकहार्य अभिनयाची आहे. एकच नर्तकी पार्वती होते, सखी होते, शंकरही होते, आणि केवळ अंग वळवून ती हे बदल सांगते. सात जणींनी तेच एकाच वेळी केले, तर ती कवायत दिसते. सात भूमिका सात जणींना वाटल्या, तर ते नाटक होते. या गटाने बरेच दिवस दोन्ही करून पाहिले. शेवटी जे ठरले ते पाहा: पार्वतीची भूमिका एकीकडून दुसरीकडे जाते, आणि जाताना फक्त एक अलपद्म हस्त, म्हणजे उमललेल्या कमळासारखा तळवा, एका हातातून दुसऱ्या हाताकडे सरकतो. ज्या मुलीकडे तो हात येतो ती पार्वती, बाकीच्या सहा जणी तिच्याभोवतीचा पर्वत आणि वन होतात. राग बदलत नसल्यामुळे कानाला येऊ शकणारा एकसुरीपणाही त्यांनी याच मार्गाने टाळला. सूर तेच राहिले, तरी मंचावरचा भार दर भागात वेगळ्या कोपऱ्यात गेला. दिग्दर्शनाची पुस्तके हाताशी असतानाही हा उपाय तालमीतच सापडला, याची नोंद आम्हाला महत्त्वाची वाटते.

केंद्रात कथकचेही वर्ग चालतात. पुण्यातील कथकवर रोहिणी भाटे यांच्या विचाराची खोल छाप आहे. १९४७ साली त्यांनी नृत्यभारती ही संस्था स्थापन केली आणि लयीइतकेच काव्याला महत्त्व दिले. कथकच्या दोन विद्यार्थिनी या तालमीला येऊन बसल्या आणि तिहाईचा, म्हणजे तीनदा म्हणून समेवर आणलेल्या बोलाचा, हिशेब आणि तीर्मानम्‌चा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहू लागल्या, एवढेच आम्हाला टिपता आले.

सादरीकरणाच्या दिवशी दुपारपासून वेण्या घालणे सुरू होते. चामड्याच्या पट्ट्यांवर शिवलेले घुंगरू आता पहिल्यांदा पायांत येतात आणि दालनाचा आवाजच बदलतो. प्रकाशयोजना करणारा विद्यार्थी नाट्यविभागाचा आहे. प्रत्येक भागाच्या आरंभाची खूण त्याने बोलांवरूनच लिहून घेतली आहे, कारण मराठी शब्द गायनात लांबतात, बोल मात्र लांबत नाहीत.

या रचनेला परीक्षेत गुण मिळाले, गटातील दोघींनी पुढे स्वतःचे वर्ग सुरू केले, आणि दुसरा प्रयोग अद्याप झालेला नाही.

यापुढे निवेदन कमी आहे. नट्टुवांगमला, म्हणजे ताल धरून बोल म्हणायला, तीच मुलगी बसली आहे जी फळ्यासमोर उभी होती. हातात झांजा आहेत, वही शेजारी मिटलेली आहे. वर्ण संपत आला आहे. पार्वतीचा हात शेवटच्या मुलीकडे पोहोचला आहे.

सम. एक मात्रा सुटली. आता सात.