सायकलवर एक दिवस, उपनगरातल्या उपनगरात

श्रोतेहो, नमस्कार.

दिवसभर सायकल घेऊन भटकायचं म्हटलं की माणसं लगेच डोंगर-दऱ्यांच्या गोष्टी करू लागतात. उपनगराचं नाव कुणी काढत नाही. सारख्याच इमारती, सारखेच रस्ते, तिथे काय बघायचं, असा एक समज आहे. माझं मत उलटं आहे. मुलाबाळांसकट निघायचं, मध्ये कुठे पोहायचं, कुठे मैदानावर खेळायचं आणि दमल्यावर फार हाल न होता घरी परतायचं, तर उपनगरासारखी सोय नाही. मात्र निघण्यापूर्वी नकाशा उघडायचा. आणि त्यात बघण्यासारखी ठिकाणं नंतर शोधायची, आधी शोधायच्या त्या मोठा रस्ता ओलांडायच्या जागा.

शहराच्या जुन्या भागात गल्लीला गल्ली मिळते. एक बंद असली तर शेजारची मोकळी असते. उपनगरांचं तसं नाही. त्यातली बरीचशी मोटार डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. वसाहतीत शिरायला एक रस्ता, आत दोन-चार वळणं आणि टोकाला बंद गल्ली. त्यामुळे आतले रस्ते शांत, अगदी शिकाऊ पोरानेही सायकल चालवावी असे. पण शेजारच्या वसाहतीत जायचं, तर बाहेर येऊन थेट हमरस्त्यावर. सायकलवाल्याचा सगळा ताण या दोन शांत तुकड्यांमधल्या पन्नास-शंभर मीटरवर साठलेला असतो.

ही बंद गल्लीची पद्धत नावारूपाला आली ती अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या रॅडबर्न या वसाहतीमुळे. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखलेली ही वसाहत १९२९ मध्ये उभी राहू लागली. घराची एक बाजू मोटारीच्या बंद गल्लीकडे, दुसरी बागेकडे. बागेतून जाणारी पायवाट रस्त्याखालच्या छोट्या भुयारातून पलीकडे निघायची, म्हणजे चालणाऱ्याला मोटार आडवी येऊ नये. पुढे उपनगरं बांधणाऱ्यांनी यातली बंद गल्ली आवडीने उचलली. पायवाट आणि भुयार मात्र बहुतेकांनी तिथेच सोडून दिलं! नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळच्या हाउटनने ते सोडलं नाही. तिथे एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने जायचं तर आधी गावाबाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर जाऊन वळसा घालावा लागतो. सायकल मधून सरळ निघून जाते.

आपल्या वाट्याला हाउटन आलेलं नसतं. पण नीट बघितलं तर फटी बऱ्याच सापडतात. रेल्वेखालचा भुयारी मार्ग, कालव्याकाठची वाट, दोन बंद गल्ल्यांच्या टोकांना जोडणारा, जेमतेम हँडल जाईल एवढा बोळ. मोटारीचा रस्ता दाखवणाऱ्या नकाशात हे सगळं येतंच असं नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून लोकांनीच भरत आणलाय, त्यात अशा पायवाटा पुष्कळदा असतात. उपग्रहचित्रही उघडून बघा. गल्लीच्या टोकाला भिंत आहे की वाट, ते बहुतेक वेळा कळतं. पायऱ्या आहेत का, फाटक लागतं का, हे मात्र चित्रात दिसत नाही. ते आदल्या आठवड्यात एकट्याने एक चक्कर मारून बघून यावं.

आता ओलांडायची जागा चांगली की वाईट, हे ठरवायचं कसं? सिग्नल असेल तर उत्तम. नसेल तर मधला दुभाजक बघा. साधी सायकल पावणेदोन-एक मीटर लांब असते. दुभाजकाची रुंदी त्याहून कमी असेल, तर तुम्ही मध्ये थांबल्यावर पुढचं किंवा मागचं चाक वाहत्या रस्त्यात राहतं. मागे मुलाची गाडी जोडलेली असेल तर विचारायलाच नको. अशी जागा नकाशावरून खोडूनच टाकावी. दुसरं म्हणजे, चार-पाच जण असाल तर सगळे एकदम पार व्हा, नाहीतर सगळे थांबा. अर्धे पलीकडे आणि अर्धे अलीकडे झाले की मागचे घाई करतात, आणि नेमकी ती घाई नडते.

अशा चार-पाच बऱ्या जागा हाती आल्या की दिवस जवळजवळ आखून झाला. त्यांच्या आसपास काय आहे ते बघायचं. एखादं तळं, पोहण्याचा तलाव, मैदान, चढायला छोटी टेकडी. नुसतं पॅडल मारत राहिलं की एकच स्नायू दमतात. मध्ये तासभर पोहणं किंवा चालणं झालं की पाय पुन्हा ताजे होतात. निवांत चालवणारा माणूस सपाट रस्त्यावर तासाला १२ ते १५ किलोमीटर जातो. सिग्नल, पाणी, फोटो, पोरांची भांडणं धरली तर १० समजा. प्रत्यक्ष सायकलवर तीन तास धरले की ३० किलोमीटर झाले. सवय नसणाऱ्याला एका दिवसाला तेवढे भरपूर आहेत. कुठे बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा सायकलमार्ग केलेला असेल तर तो जरूर घ्या. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून तिच्या वाटेवरचा चढ आपल्यालाही सहसा जाणवत नाही.

सायकल आदल्या रात्रीच बघून ठेवावी. हवेचं प्रमाण टायरच्या कडेवर छापलेलं असतं, त्या मर्यादेत हवा भरा. हवा कमी असली की खड्ड्यात आपटल्यावर ट्यूब रिमच्या कडेत चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. सीटची उंची बघायची तर टाच पॅडलवर ठेवा. पॅडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हवा तेवढाच वाक राहतो. सीट फार खाली ठेवून दिवसभर चालवणाऱ्यांचे गुडघे संध्याकाळी कुरकुरतात, आणि ते बिचारे सायकलला दोष देतात.

सोबत आपल्या चाकाच्या मापाची एक ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप ठेवा. पंक्चर झालंच तर नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून जपून, सावकाश बोट फिरवा. काचेचा बारीक तुकडा किंवा काटा तिथेच रुतून बसलेला असतो. तो काढला नाही, तर पाच मिनिटांत नवी ट्यूबही पंक्चर होते.

रस्त्यावरच्या धोक्यांची मोठी यादी वाचत नाही. वसाहतीतल्या दोनच गोष्टी सांगतो. कडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार कधीही उघडतं, म्हणून तिच्यापासून मीटर-सव्वा मीटर लांबून जा, रस्ता मोकळा असला तरी. आणि फाटकातून उलटी बाहेर येणारी मोटार. तिच्या चालकाला कुंपणाआडचं लहान मूल दिसत नाही. मुलांच्या सायकलला उंच काठीवर झेंडा लावतात तो यासाठीच, हौस म्हणून नाही.

राहता राहिला फेरीचा रोख. जुनी रीत अशी की सकाळी दम असताना वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि परतताना वारा पाठीशी घ्यावा. रीत चांगली आहे. पण तिच्याइतकंच मी दुसरं एक बघतो, सगळ्यात अवघड चौक कोणत्या वेळी येतोय. सकाळी सात वाजता तिथे दोन मोटारी असतात. संध्याकाळी सहाला तोच चौक तुंबलेला, मुलं पेंगुळलेली आणि मोठ्यांना घर गाठायची घाई. तेव्हा अवघड चौक सकाळी पार होईल आणि परतीला भुयारी मार्ग किंवा सिग्नल येईल, अशा बाजूने फेरी फिरवा. वारा आणि चौक या दोघांचं जमत नसेल, तर मी चौकाचं ऐकतो. वाऱ्याने फार तर अर्धा तास उशीर होतो. त्यासाठी पुढचा-मागचा दिवा लावलेला असला की झालं.

नमस्कार.